दोड्ड ग्लास

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "म्हणजे आता माझ्या मनात काय चाललंय ते तुला कळत असेल, नाही?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो आणि विचारणारा स्वतःच मोठ्यानं हसतो. दुसरा, "हे शिकून पुढं करणार काय?" हा आमच्या घरी साधारण महिन्यातून एकदा, विजेचं बिल भरायच्या सुमारास, बाबा विचारतात आणि तेव्हा कुणी हसत नाही. या दोन्ही प्रश्नांची मला आता सवय झाली आहे. तिसरा प्रश्न मात्र गेल्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलाच्या आईनं मला विचारला. त्याचं उत्तर मी उभ्या उभ्या देऊन टाकलं. ते मला अजून परत घेता आलेलं नाही.

आम्ही शहापुरात एका जुन्या वाड्यात राहतो. मधे चौक, चौकात नळ, चारी बाजूंना बिऱ्हाडं. मागच्या दोन खोल्यांत बैलहोंगलकडचं एक कन्नड कुटुंब आहे. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बायको दिवसभर शिलाईचं मशीन चालवते. तिला सगळा वाडा अक्का म्हणतो. अक्का कन्नडच्या चालीवर मराठी बोलते आणि आमची आई मराठीच्या चालीवर कन्नड बोलते. दोघींचं वर्षानुवर्षं उत्तम चाललं आहे. तिच्या मुलाला सगळे 'तम्मा' म्हणतात. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, पण आपल्या भागात कुठल्याही लहान मुलाला लाडानं तशी हाक मारतात. त्याचं शाळेतलं नाव मी इथं देत नाही. मुलाचं नाव कागदावर लिहिताना हात थांबला पाहिजे, एवढं तरी मी शिकले आहे.

चौथ्या सत्राला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता आणि त्याबरोबर प्रॅक्टिकलचं जर्नल. एका मुलाचं निरीक्षण करायचं, त्याच्यावर दोन-तीन सोपे प्रयोग करायचे आणि नोंद करून सही घ्यायची. वर्गातल्या बहुतेकींनी आपापले भाचे-पुतणे धरून आणले. मला भाचा नाही. तम्मा होता.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी प्रयोग सांगते. दोन सारखे ग्लास घ्यायचे, दोन्हीत सारखं पाणी भरायचं आणि मुलाला विचारायचं, दोन्हीत सारखंच आहे ना? तो हो म्हणाला, की त्यातल्या एका ग्लासातलं पाणी त्याच्यासमोर एका उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं, आता कशात जास्त? चार-पाच वर्षांचं मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवतं, कारण तिथं पाणी वर चढलेलं दिसतं. सात वर्षांच्या आसपास मूल सांगू लागतं की पाणी तेवढंच आहे, फक्त भांडं बदललं. हा प्रयोग झाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा. पियाजे १८९६ साली जन्मला आणि १९८० साली वारला. जॅकलीन, लुसिएन आणि लोराँ या आपल्या तीन मुलांच्या तान्हेपणीच्या बारीकसारीक नोंदी त्यानं ठेवल्या आणि त्यावर पुस्तकं लिहिली. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचा पाइप ओढतानाचा फोटो आहे. सिद्धान्ताच्या चार पायऱ्या आणि त्यांची वयं चौकटीत छापली आहेत, परीक्षेला पाठ करायला सोपं जावं म्हणून. मीही ती पाठ केली होती.

रविवारी सकाळी तम्माला आमच्या पुढच्या खोलीत बोलावलं. बाबांच्या खुर्चीत बसवलं. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आई दारात उभी, माझा भाऊ मोबाइल बाजूला ठेवून पाहतोय, वाड्यातली दोन पोरं खिडकीला लोंबकळलेली. मी पुढ्यात जर्नल घेऊन, पेन उघडून बसले. आधी चित्रं दाखवून नावं विचारली. तम्मा गप्प. अंक मोजायला सांगितले. तो पाचपर्यंत आला आणि थांबला. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची, घर कन्नड, वाडा मराठी. मला वाटलं, कन्नडमध्ये विचारावं म्हणजे मोकळा होईल. माझं कन्नड म्हणजे रिक्षावाल्याशी आणि भाजीवालीशी बोलण्यापुरतं. तरी मी त्याच कन्नडमध्ये विचारलं. त्यानं उंच ग्लासाकडे बोट दाखवलं. मी पुन्हा विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि पुन्हा त्याच ग्लासाकडे बोट दाखवलं. मी लिहिलं: वय सात वर्षं दोन महिने, प्रतिसाद पाच वर्षांच्या मुलासारखा.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. वर्गात सगळ्यांची मुलं पुस्तकाप्रमाणे वागली होती. माझ्याकडेच काहीतरी वेगळं सापडलं होतं.

संध्याकाळी नळावर अक्का भेटली. तिनं विचारलं, "तंगी, परीक्षेत काय आलं तम्माचं?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी म्हणाले, "वयाच्या मानानं दीड-दोन वर्षं मागं वाटतो, अक्का." आवाजात जरा डॉक्टरी सूरही आला असेल. अक्कानं घागर नळाखालून काढली, भरली नव्हती तरी काढली, आणि एवढंच म्हणाली, "शाळेतल्या टीचर पण तसंच म्हणाल्या." मग ती आत गेली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आपलं निरीक्षण शाळेच्या मताशी जुळतंय, हे मी जर्नलात एका ओळीत जोडूनही टाकलं.

जर्नल आमच्या सरांकडे गेलं. सर धारवाडचे, मातृभाषा कन्नड, शिकवतात इंग्रजीतून आणि रागावतात मराठीतून. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. प्रश्न मुलाला ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत लिहून आणायचा, असा त्यांचा नियम होता आणि मी तो पाळला होता. देवनागरीत लिहिलं होतं: "यावद दोड्डद ऐती?" सरांनी त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती.

"याचा अर्थ काय?"

"जास्त कशात आहे, सर."

"दोड्ड म्हणजे?"

मी गप्प. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण, जी याच नियतकालिकाच्या कन्नड विभागाचं काम पाहते, तोंडावर हात ठेवून हसली. दोड्ड म्हणजे मोठं. मी तम्माला विचारलं होतं, "कुठला मोठा आहे?" आणि उंच ग्लास मोठाच होता. मुलानं माझ्या प्रश्नाचं अगदी बिनचूक उत्तर दिलं होतं, तेही दोनदा.

सर हसले नाहीत. म्हणाले, "भाषा चुकली हे एक. पुन्हा का विचारलंस?" मी म्हटलं, खात्री करून घ्यावी म्हणून. "तुझ्या बाबांनी तुला एकच गोष्ट लागोपाठ दोनदा विचारली तर तू काय समजतेस?" पहिलं उत्तर चुकलं असं समजते, हे मला तोंडानं सांगावं लागलं नाही. त्यांनी मला वाचायला दिलं. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक या दोघींनी १९७४ मध्ये हेच पडताळून पाहिलं होतं. पियाजेच्या पद्धतीत मांडणी बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा, असा तोच प्रश्न दोनदा येतो. त्यांनी काही मुलांना तो फक्त शेवटी एकदाच विचारला, आणि सहा वर्षांच्या त्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतंय म्हणजे आपल्याकडून वेगळं उत्तर हवं असणार, हे लहान मुलाला कळतं. त्याच सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी स्कॉटलंडमधल्या मुलांवर केलेला प्रयोग तर मजेशीर आहे. मांडलेल्या सोंगट्यांची एक ओळ प्रयोग करणाऱ्यानं हातानं न हलवता एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून विस्कटवली. मोठ्या माणसानं मुद्दाम बदल केला नाही म्हटल्यावर बऱ्याच जास्त मुलांनी 'सोंगट्या तेवढ्याच आहेत' असं बरोबर सांगितलं. डोनाल्डसनबाईंनी १९७८ मध्ये यावर 'चिल्ड्रन्स माइंड्स' हे छोटं पुस्तक लिहिलं. पुस्तक शंभर-दीडशे पानांचंच आहे. आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा मला त्यातून जास्त कळलं.

गंमत म्हणजे खुद्द पियाजेची सुरुवातच चुकलेल्या उत्तरांपासून झाली होती. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्या पारखून घेण्याचं काम त्याच्याकडे आलं. बरोबर उत्तरं मोजायची, बस्स. त्याला कंटाळा आला. पण मुलं चुकतात ती कशी चुकतात, एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात, हे विचारायला तो त्यांच्याशी गप्पा मारू लागला आणि त्यातून पुढचं सगळं निघालं. मी मात्र त्याचंच नाव घेऊन मुलाला 'का' असं एकदाही विचारलं नव्हतं.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती बेळगावात राहून मला ठाऊक नव्हती याची लाज वाटली. फ्रान्समध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी केलेली बुद्धिचाचणी आपल्या मुलांसाठी बदलून घेण्याचं फार जुनं काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचं आहे, आणि ते त्यांनी कन्नड आणि मराठी या दोन भाषा बोलणाऱ्या मुलांवर केलं. १९३४ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख इंग्लंडमधल्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. १९४० मध्ये 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक आलं. बिने-कामत चाचणी देशातल्या दवाखान्यांत अजून वापरली जाते. आपल्या गावच्या भिंतींवर भाषेविषयी पुष्कळ लिहिलेलं असतं, त्यात हे मी कधी वाचलं नव्हतं. एका माणसानं नव्वद वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या मुलांना तेच प्रश्न त्यांच्या-त्यांच्या भाषेत विचारण्यासाठी एवढे कष्ट घेतले, आणि मी भाजीवालीच्या कन्नडवर भागवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात नळाला पाणी येण्याच्या दिवशी मैत्रिणीला मुद्दाम घरी बोलावलं. खुर्ची नाही, जर्नल नाही. चौकात सगळी बिऱ्हाडं पाणी भरत होती. तम्मा आपली छोटी पितळी घागर घेऊन घर ते नळ अशा खेपा घालत होता. ते त्याचं रोजगाराइतकं पक्कं काम आहे. मैत्रिणीनं सहज विचारलं, बॅरल भरायला किती लागतात? तो थांबला नाही, चालता चालताच म्हणाला, आईच्या सहा, माझ्या अकरा. मग तिनं त्यालाच एक चरगी, म्हणजे तांब्या, भरून बाटलीत ओतायला सांगितली आणि दुसरी पसरट पातेल्यात. ओतणारा तोच. मग एकदाच विचारलं, "नीर यावदराग जास्ती ऐती?" तम्मानं तिच्याकडे असं पाहिलं, की बाई शिकलेली दिसते पण जरा कमीच आहे. "यरडू अष्ट ऐती. ओंदोंद चरगी अल्ला?" दोन्ही तेवढंच. एकेक चरगीच ना ओतली?

हेसुद्धा नंतर पुस्तकात सापडलं. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड या संशोधक सेनेगलमधल्या वोलोफ मुलांकडे गेल्या होत्या. शाळेत न गेलेली मुलं चुकत होती. बाईंनी पाणी ओतलं म्हणून ते वाढलं, असं त्यांतली काही समजत. पाणी मुलांच्याच हातानं ओतवल्यावर उत्तरं सुधारली. १९६६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचं माप इतर मुलांपेक्षा चांगलं कळतं, असंही १९६९ मध्ये दिसून आलं आहे. आमच्या वाड्यात हे सांगितलं तर बायका म्हणतील, यात शोधायचं काय होतं?

मी धावत सरांकडे गेले. म्हटलं, सर, मुलगा हुशार आहे! सर म्हणाले, "आता उलट्या बाजूनं तेच करू नकोस. एक चरगी पाण्यावरून हुशार ठरत नाही आणि मंदही ठरत नाही. एवढंच लिही की पहिली नोंद बाद आहे आणि ती कशामुळे बाद आहे." जर्नलात मी तसं लिहिलं. मला चांगले गुण मिळाले.

बाद करायची दुसरी नोंद अक्काकडे होती. ती जर्नलात नव्हती.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती मशीनवर होती. मी सगळं सांगितलं. दोड्डची चूक सांगितली, दोनदा विचारल्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. तिनं पाय थांबवला आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तंगी, पैलं सांगितलीस ते पुस्तकातलं. आता सांगतीस ते माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून." मी परत परत सांगू लागले तसा तिचा विश्वास आणखीनच उडत गेला, हे म्हणजे तोच प्रश्न दोनदा विचारण्यासारखं झालं. नवरा मधे येऊन गेला होता. डोक्यात शिरत नसेल तर इंग्रजी शाळेची फी कशाला भरायची, असा हिशेब त्यानं केला होता. टीचरनं सांगितलं होतं, कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलीनं सांगितलं होतं, दोन साक्षी झाल्या. मे महिन्याच्या शेवटी तम्माला बैलहोंगलजवळच्या खेड्यात आजीकडे पाठवलं. तिथल्या सरकारी कन्नड शाळेत त्याचं नाव घातलं.

आणि पाचव्या सत्राला आम्हाला जॉन बोल्बी होता! या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञानं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, की लहानपणी आईपासून तुटलेल्या मुलांच्या मनावर काय काय परिणाम होतात. मी तो धडा आमच्या मागच्या खिडकीत बसून वाचत होते. तिथून अक्काच्या मशीनचा आवाज येतो. मग सांत्वन शोधावं तसं मी मायकेल रटर यांचं १९७२ चं पुस्तक शोधून काढलं. त्यात बोल्बीचं म्हणणं तपासून घेतलं आहे. आईपासून दूर राहणं एवढंच पाहू नये. का दूर गेला, कुणाकडे गेला, तिथं जिव्हाळ्याचं माणूस आहे का, हेही पाहावं, असं त्यात आहे. तम्माची आजी जिव्हाळ्याची आहे. मला त्या रात्री जरा बरी झोप लागली. पण विद्यार्थी पुस्तकं कशासाठी वाचतो याचाही एकदा कुणीतरी प्रयोग करावा.

बाबांच्या प्रश्नाकडे मी या सगळ्यानंतर पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं. हे शिकून पुढं करणार काय? आधी मी ठरवून टाकलेलं उत्तर द्यायची: समुपदेशक होणार. हा शब्द आमच्या वाड्यात अजून विमा एजंटाच्या आसपासच ऐकू जातो. आता थोडी चौकशी केली आहे, ती सांगते, कारण पुढच्या वर्षी हा विषय घेणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नुसत्या बी.ए.वर कुणालाही मुलाची चाचणी घेऊन दाखला देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ते काम करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेलं असावं लागतं. त्याचा कायदा १९९२ चा आहे. त्यासाठी एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर पुन्हा शिकावं लागतं. ते अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, तेव्हा प्रवेश घ्यायच्या वर्षीचे नियम पाहूनच पाऊल टाकावं. आपल्याला जवळ धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आणि मानसिक आरोग्याची संस्था आहे, लांब बेंगळुरूला निम्हान्स आहे. मुलाचं बोलणं-ऐकणं यात रस असेल त्याच्यासाठी म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आहे. विशेष शिक्षक व्हायचं तर बी.एड.चा वेगळा अभ्यासक्रम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत, त्यांत वाचन-लेखनातली अडचण, जिला आपण डिस्लेक्सिया म्हणतो, तीही आली. त्यामुळे अशी मुलं ओळखणारी आणि शिकवणारी माणसं शाळांना हवी आहेत. बालकल्याण समित्या, बालगृहं इथंही समुपदेशक लागतात. अंगणवाडी तर गल्लीत आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी ही योजना सुरू झाली. पण त्याच्या किती आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभं केलं होतं आणि अंगणातली बालवाडी ही कल्पना त्यांच्याकडून आली आहे. पुढं कोसबाडला अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली; मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात गेली. माझ्या खुर्चीत बसलेल्या तम्माची मला इथं फार आठवण झाली.

आणि संशोधन. ते आपल्यासारख्यांचं नव्हे असं मला वाटायचं. पण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या तान्ह्या बाळांची वाढ मोजण्याची श्रेणी बसवली; जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी तीत आहेत. मान कधी धरतं, हाक मारल्यावर कधी वळतं, हे आज्या सांगतात तेच, पण शेकडो बाळं मोजून. माणसाचं चित्र काढायला सांगून मुलाची समज पाहायची चाचणीही त्यांनी भारतीय मुलांसाठी तयार केली. त्या चाचणीत मुलाला बोलावंच लागत नाही. मला ती आधी माहीत असती तर?

आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांना दोन भाषा येतात, काहींना चार. आपण याला गुण समजत नाही. इंग्रजी कच्चं आहे म्हणून खंत करत बसतो. पण मुलाशी त्याच्या घरच्या बोलीत बोलणारा माणूस चाचणीच्या टेबलापलीकडे असणं किती गरजेचं आहे, ते मी एका शब्दावरून पाहिलं आहे. म्हणून मी सध्या मैत्रिणीकडून कन्नड लिहायला-वाचायला शिकते आहे. बाबांना सांगितलं, की एम.ए.ला धारवाडला जाणार आणि मुलांच्या कामातच राहणार. ते म्हणाले, "कन्नड शिकायला कॉलेज कशाला, नळावर शिकलीस की." मग थोड्या वेळानं, फी किती असते ते विचारलं.

दिवाळीला तम्मा चार दिवस आला होता. उंच झाला आहे, काळा झाला आहे, आणि अखंड बोलतो. खेड्यातल्या शाळेत त्याला पाढे येतात, मास्तर त्याला फळ्यावर लिहायला बोलावतात, असं तोच सांगत होता. माझ्या चुकीनं त्याचं भलं झालं, असं कुणी म्हणेल. आमच्या आईनं म्हटलंच. मला तसं म्हणवत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर जाताना अक्का चौकात त्याच्या शर्टाचं बटण उगीचच पुन्हा लावत होती, आणि तो तिला सांगत होता की तिकडे आजी बटणं नीट लावते.

जाण्याआधी तो आमच्या पुढच्या खोलीत डोकावला होता. बाबांच्या खुर्चीकडे पाहून म्हणाला, "ताई, आज ग्लास नाहीत?"

मी म्हटलं, "नाहीत. चहा घेतोस?"

तो आत आला आणि खाली जमिनीवर बसला. मी दोन कप आणले. त्यानं दोन्ही कपांत पाहिलं, जास्त होता तो उचलला, आणि बशीत ओतून फुंकर मारत राहिला.